रामशास्त्री प्रभुणे : निवाडा आणि त्याचे बळ

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र असावे, अशी ज्ञातिबांधवांची व भगिनींची अपेक्षा असते. यंदा त्यासाठी आम्ही पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची निवड केली आहे. ते आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते, हा प्रश्न येथे आम्हांस अप्रस्तुत वाटतो. खरा न्यायाधीश कोणत्याही एका ज्ञातीचा नसतो. आणि ज्याच्या दारी वादी व प्रतिवादी दोघेही सारख्याच विश्वासाने जातात, तो तर सर्वांचाच असतो.

रामशास्त्री हे नाव ठाऊक नाही, असे मराठी घर विरळाच. निःस्पृह व कणखर वृत्तीला आपण आजही रामशास्त्री बाणा म्हणतो. १९४४ साली प्रभात फिल्म कंपनीने त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला आणि भर दरबारात पेशव्याला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे शास्त्रीबोवा घरोघरी पोहोचले. परंतु ही कथा सांगून संपली की घरातील एखादे चौकस मूल हमखास विचारते, की मग रघुनाथरावांना ती शिक्षा झाली का? वडीलधारी मंडळी येथे अडखळतात. कारण ती शिक्षा कधीच झाली नाही. मग त्या निवाड्याचा उपयोग काय झाला? सत्ता हाती असलेल्या आणि ती न सोडण्याचा निश्चय केलेल्या पुरुषाला न्यायासनाचा शब्द आवरू शकतो काय? रामशास्त्र्यांचे चरित्र आम्ही येथे पुन्हा सांगतो आहोत, ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी.

सातारजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर माहुली हे क्षेत्र आहे. तेथे इ.स. १७२० च्या सुमारास रामशास्त्र्यांचा जन्म झाला. घरची गरिबी आणि पितृछत्र लवकर हरपलेले, यामुळे बालपणी विद्येचा संस्कार घडला नाही. तारुण्यात पदार्पण करीपर्यंत त्यांना अक्षरओळखही बेताचीच होती. साताऱ्यास अनगळ नावाच्या सावकाराच्या घरी ते शागिर्दाचे काम करीत. एके दिवशी धन्याच्या हातापायांवर पाणी घालीत असता त्यांची नजर धन्याच्या अंगावरील मोत्यांच्या अलंकारावर खिळली व पाण्याची धार भलतीकडेच जाऊ लागली. सावकाराने टोमणा मारला, की असे अलंकार अंगावर यावयास विद्या तरी लागते किंवा पराक्रम तरी. परंपरेने चालत आलेली ही हकीकत आहे. तो टोमणा त्या तरुणाच्या जिव्हारी लागला आणि नोकरी सोडून त्याने काशीची वाट धरली.

काशीत मुलांच्या पंक्तीस बसून मुळाक्षरांपासून आरंभ करणे, हे थोराड वयाच्या विद्यार्थ्यास किती जड गेले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. परंतु रामशास्त्र्यांनी लाज गुंडाळून ठेविली आणि अनेक वर्षे अध्ययन करून धर्मशास्त्रात प्रावीण्य मिळविले. १७५१ च्या सुमारास ते पुण्यास पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून दाखल झाले आणि नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७५९ साली, त्यांना न्यायाधीशपद मिळाले. ज्याला अलंकाराचा मोह पडला म्हणून धन्याचे बोल ऐकावे लागले, त्याने पुढे आयुष्यभर अलंकाराला घरात थारा दिला नाही, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

त्या काळची न्यायव्यवस्था कशी होती, हे थोडे सांगणे अवश्य आहे. कारण त्याशिवाय पुढील प्रसंगाचे मोल कळावयाचे नाही. आजच्यासारखे छापील कायदे त्या वेळी नव्हते. गावचा पाटील, परगण्याचा मामलेदार, ठिकठिकाणच्या पंचायती आणि सर्वांच्या वर पुण्याचे न्यायाधीश, अशी साधारण रचना असे. मिताक्षरा, व्यवहारमयूख यांसारखे ग्रंथ आणि देशरिवाज यांच्या आधाराने निर्णय होई. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी म्हणून रक्कम सरकारात जमा होत असे. पंचायत बसण्यापूर्वी वादी व प्रतिवादी यांच्याकडून एक कागद लिहून घेत. पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य आहे, आम्ही त्यास राजी आहोत, असा त्याचा आशय असे आणि त्या कागदाला राजीनामा म्हणत. आज आपण राजीनामा म्हणतो तो पद सोडण्याच्या पत्राला. त्या काळी या शब्दाचा अर्थ निवाड्यास दिलेली संमती असा होता. वाचकांनी हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे आम्हांस त्याची गरज पडणार आहे.

न्यायाधीशाला नेमणारे, वेतन देणारे आणि त्याच्या निर्णयावर हुकूम काढून तो अमलात आणणारे सरकार म्हणजे स्वतः पेशवेच. न्यायाधीशापाशी ना फौज, ना किल्ला, ना खजिना. पेशव्याची इच्छा असेतोवर न्यायाधीश. इच्छा फिरली की घरी. तेव्हा अशा न्यायाधीशाने आपल्या धन्याला आवरावे कसे? रामशास्त्र्यांनी याची तयारी न्यायासनावर बसल्या दिवसापासून चालविली होती, असे त्यांचे चरित्र पाहता वाटते. घरात एका दिवसाच्या गरजेपेक्षा अधिक शिधा ठेवावयाचा नाही, हा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे. श्रावणमासातील दक्षिणेच्या वाटपाच्या वेळी त्यांचे बंधू ब्राह्मणांच्या पंक्तीत आले असता, नाना फडणीस त्यांना इतरांपेक्षा अधिक रक्कम देऊ लागले. रामशास्त्र्यांनी त्यांस थांबविले आणि विद्येच्या मानाने इतरांना मिळते तेवढेच सरकारातून द्यावे, बंधूचे अधिक काही करावयाचे असल्यास ते आपण आपल्या पदरचे करू, असे सांगितले, अशी कथा आहे.

त्यांच्या पत्नीची गोष्टही आमच्या वाचक भगिनींना ठाऊक असेल. त्या वाड्यात गेल्या असता पेशव्यांच्या पत्नीने त्यांचा साधा वेष पाहून त्यांना वस्त्रे व अलंकार घातले आणि पालखीतून घरी पाठविले. दारात पालखी आली तेव्हा शास्त्रीबोवांनी भोयांना सांगितले, की तुमचे घर चुकले आहे. अशा अलंकृत बाई या घरच्या नव्हेत. पत्नीने ती वस्त्रे परत केली, मगच त्यांना घरात प्रवेश मिळाला, असे सांगतात. आजच्या वाचकाला यात त्या माउलीवर अन्याय झालासे वाटेल आणि ते वाटणे चुकीचे नाही. परंतु या कथेचा गाभा निराळा आहे. ज्याला काही गमवावयाचे नाही, त्यालाच सत्तेपुढे खरे बोलणे परवडते. रामशास्त्र्यांचे दारिद्र्य हे त्यांचे कवच होते आणि त्या कवचाची किंमत त्यांच्या घरच्यांनीही मोजली होती.

१७६१ साली पानिपताचा घाव बसला, त्याच वर्षी नानासाहेब वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवेपदी आले. माधवराव कडक, तापट आणि तितकेच कर्तव्यदक्ष होते. रामशास्त्री व माधवराव यांच्या संबंधांची एक हकीकत इतिहासकारांनी नमूद केली आहे. शास्त्रीबोवा काही कामासाठी वाड्यात गेले असता पेशवे जपात मग्न आढळले. ते न बोलता परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्याची रजा मागितली. माधवरावांनी कारण विचारता त्यांनी स्पष्ट सांगितले, की ब्राह्मणधर्मच आचरावयाचा असेल तर राज्य सोडून गंगातीरी जाऊन बसावे, आपणही बरोबर येऊ. पण राज्य करावयाचे असेल तर प्रजेचे पालन हाच राजाचा जप आहे. माधवरावांनी ते मान्य केले आणि तो परिपाठ सोडला. त्याच कारकीर्दीत रयतेकडून फुकट वेठ घेण्याची चाल बंद करण्यात आली.

येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. माधवराव न्यायाधीशाचे ऐकत, कारण त्यांना ऐकावयाचे होते. शास्त्रीबोवांनी जाण्याची भाषा केली की पेशव्यांना आपले काहीतरी हरपते आहे असे वाटे. अशा राज्यकर्त्याला आवरणे अवघड नसते. त्याने मनोमन राजीनामा आधीच लिहून दिलेला असतो. खरी कसोटी पुढेच होती.

माधवरावांचे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, हे पराक्रमी होते. अटकेपर्यंत मराठ्यांचे निशाण नेण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. परंतु राज्य आपल्या हाती असावे, ही तीव्र इच्छा त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. १७६२ साली आळेगावनजीक काका-पुतण्यांची लढाई झाली. माधवरावांनी माघार घेऊन काकांच्या स्वाधीन होणे पत्करले. १७६८ साली धोडप येथे पुन्हा रण झाले. या वेळी रघुनाथराव हरले आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. या दोन्ही वेळी सरदार मंडळींनी आपापल्या सोयीप्रमाणे बाजू घेतली. लोकांच्या दृष्टीने ही घरची भाऊबंदकी होती. आज भांडतील, उद्या एका पंक्तीस जेवतील.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने वारले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. त्यांचे वय तेव्हा सतरा वर्षांचे होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सव चालू असता, भर दुपारी गारद्यांनी थकलेल्या पगाराचे निमित्त करून शनिवारवाड्यात प्रवेश केला. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग हे त्यांचे प्रमुख होते. अठरा वर्षांचे पेशवे जीव घेऊन धावत चुलत्यांकडे गेले आणि त्यांना मिठी मारून अभय मागू लागले. तेथेच त्यांचा वध झाला. त्यांना वाचवू पाहणारा सेवक चाफाजी टिळेकर हाही त्यांच्याबरोबर मारला गेला. महाराष्ट्राच्या राजधानीत, पेशव्याच्या राहत्या घरात, पेशव्याचाच खून झाला होता, आणि खुनाचा लाभ ज्याला व्हावयाचा तोच आता राज्याचा धनी होता.

शहर भयाने मूक झाले. वाड्यावर गारद्यांचा पहारा होता. मुत्सद्दी मंडळी आपापल्या घरी बसून वाऱ्याची दिशा पाहात होती. रघुनाथरावांच्या नावाने कारभार चालू झाला आणि लवकरच सातारच्या छत्रपतींकडून त्यांना पेशवाईची वस्त्रेही मिळाली. म्हणजे बाह्यतः सर्व काही रीतसर झाले. अशा वेळी एकाच पुरुषाने आपले नेहमीचे काम चालू ठेवले. खून झाला म्हणजे चौकशी करावयाची, हा न्यायाधीशाचा धर्म. रामशास्त्र्यांनी साक्षी घेण्यास प्रारंभ केला.

चौकशीचा धागा कोठे जातो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक नसेल असे नाही. परंतु त्यांनी तर्कावर काम भागविले नाही. पुरावा जमेपर्यंत त्यांनी रघुनाथरावांवर आरोप केला नाही आणि पुरावा जमल्यावर क्षणाचाही विलंब केला नाही. रघुनाथरावांचे म्हणणे असे होते, की आपण पुतण्यास केवळ धरण्याची आज्ञा दिली होती, मारण्याची नव्हे. आज्ञापत्रातील धरावे हा शब्द पालटून मारावे असा करण्यात आला, आणि तो आनंदीबाईंनी पालटला, असा प्रवाद तेव्हापासून चालत आला आहे. ध चा मा करणे ही म्हण त्यावरूनच पडली. आनंदीबाईंचा हात त्यात कितपत होता, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत आणि केवळ प्रवादावरून एका स्त्रीच्या माथी कलंक मारणे हे रामशास्त्र्यांच्याच शिकवणीविरुद्ध होईल. परंतु पुतण्यास धरण्याची आज्ञा चुलत्यांची होती, हे तर त्यांच्याच म्हणण्यातून निघत होते. आणि हाती शस्त्र दिलेल्या गारद्यांनी पुढे काय केले, याची जबाबदारी त्यांस टाळता येण्यासारखी नव्हती.

रघुनाथरावांनी विचारले, की या पातकास प्रायश्चित्त कोणते? एखादे दान, तीर्थयात्रा, होमहवन सांगून शास्त्रीबोवा वाट मोकळी करून देतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. रामशास्त्र्यांनी देहान्त हे एकच प्रायश्चित्त असल्याचे सांगितले. याहून वेगळे काही शास्त्रात नाही. अशा कृत्यानंतर आपले व आपल्या राज्याचे कल्याण व्हावयाचे नाही. आणि जोवर आपण या राज्याचे धनी आहात तोवर मी आपली चाकरी करणार नाही व पुण्यात पाऊलही टाकणार नाही, असे निक्षून सांगून ते उठले. त्यांनी बोलल्याप्रमाणे पुणे सोडले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन ते राहिले.

चित्रपट, नाटक आणि कथेकरी येथे थांबतात. आम्हांस मात्र येथून पुढे जावयाचे आहे.

रामशास्त्री निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय बदलले? प्रथमदर्शनी काहीच नाही. रघुनाथराव पेशवे होते ते पेशवेच राहिले. फौज त्यांची, खजिना त्यांचा, गारदी त्यांचे. त्यांना धरावयास एक शिपाईही धावला नाही. ते मोठी फौज घेऊन मोहिमेवरही निघाले. न्यायाधीशाच्या शब्दाने त्यांच्या अंगावर ओरखडादेखील उठला नाही. एवढेच पाहणारा मनुष्य म्हणेल, की निश्चय केलेल्या सत्ताधीशापुढे न्यायालयाचा निवाडा म्हणजे वाळूवरच्या रेघा.

परंतु काही महिन्यांतच जे घडले ते पाहावे. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी मंडळी एकत्र आली. याच जुटीला बारभाईंचे कारस्थान म्हणतात. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवून त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. १७७४ च्या मार्चमध्ये पंढरपूरनजीक कासेगाव येथे त्रिंबकराव पेठे रघुनाथरावांशी लढताना पडले, तरी ही जूट मोडली नाही. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि जन्मानंतर चाळीस दिवसांत त्या अर्भकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. ज्या साताऱ्याने रघुनाथरावांना वस्त्रे दिली होती, त्याच साताऱ्याने ती आता पाळण्यातल्या बालकाला दिली.

बारभाईंतील सर्वजण केवळ न्यायासाठी झटत होते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. प्रत्येकाचा हिशेब निरनिराळा होता. सखारामबापू तर पूर्वी रघुनाथरावांच्याच बाजूचे गणले जात. शिंदे-होळकरांनीही आरंभी दोन्ही दरडींवर पाय ठेवून पाहिले. परंतु आमचे म्हणणे एवढेच, की १७६२ आणि १७६८ साली जी भाऊबंदकी होती, ती १७७३ नंतर भाऊबंदकी राहिली नाही. ती अपराधाची बाब झाली. राघोबादादांची बाजू घेणे म्हणजे काकाची बाजू घेणे असा अर्थ पूर्वी होई. आता खुनाची बाजू घेणे असा होऊ लागला. हा फरक फौजेने केला नव्हता. राज्यातील सर्वोच्च न्यायाधीशाने चौकशी करून, नाव घेऊन, तोंडावर सांगितले होते आणि ते सांगून त्याचा मोबदला म्हणून काहीही न घेता तो निघून गेला होता. त्याचे रिकामे आसन पुण्यात सर्वांना दिसत होते.

पुढील इतिहास थोडक्यात असा. स्वजनांचा आधार सुटत चालल्यावर रघुनाथरावांनी ६ मार्च १७७५ रोजी इंग्रजांशी सुरतेस तह केला आणि साष्टी व वसई देण्याचे कबूल करून त्यांची मदत मागितली. १८ मे १७७५ रोजी गुजरातेत अडासची लढाई झाली. १७७६ साली पुरंदरचा तह झाला, पण तो टिकला नाही. १७७९ च्या जानेवारीत रघुनाथरावांना घेऊन पुण्यावर चाल करणारी इंग्रजी फौज वडगाव येथे अडकली आणि तिला मानहानीचा करार करावा लागला. अखेर १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला आणि रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ते गोदातीरी कोपरगावास जाऊन राहिले आणि तेथेच ११ डिसेंबर १७८३ रोजी वारले.

म्हणजे ज्याला देहान्त सांगितला तो दहा वर्षांनी, सरकारी नेमणुकीवर, अंथरुणात वारला. मारेकऱ्यांपैकी काही पकडले जाऊन त्यांना देहदंड झाला. कारस्थानाच्या धन्यास तो झाला नाही. धाकट्यांना फास आणि थोरांना तनखा, हा जगाचा न्याय येथेही चुकला नाही. शिवाय या वादात सात वर्षे युद्ध झाले, साष्टी इंग्रजांच्या घशात गेली आणि परकीयास मराठी राज्याच्या घरात डोकावण्यास खिडकी मिळाली. निवाड्याचा जयजयकार करताना ही बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तरीही दुसरी बाजू तितकीच खरी आहे. त्या दिवसानंतर रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर स्थिरपणे बसता आले नाही. अटकेपर्यंत घोडी नेणारा हा सेनापती स्वतःच्या राजधानीत परतू शकला नाही. त्यांचा देह निवाड्याच्या पकडीत आला नाही. त्यांची सत्ता मात्र आली. आणि ती आली याचे कारण, ज्यांना तो निवाडा अमलात आणणे शक्य होते, त्यांपैकी पुरेशा लोकांनी त्यास आपली संमती दिली.

आता मघाचा तो शब्द आठवावा. गावच्या पंचायतीपुढे वादी-प्रतिवादी राजीनामा लिहून देत, म्हणूनच निवाडा चाले. रघुनाथरावांसारखा पुरुष असा राजीनामा कधीच लिहून देत नाही; निवाडा आपल्या बाजूचा असला तर मानावयाचा, नसला तर नाही, ही त्याची रीत. तेव्हा त्याच्या ऐवजी दुसऱ्या कोणीतरी तो लिहून द्यावा लागतो. कारकुनाने, फडणिसाने, सरदाराने, किल्लेदाराने आणि शेवटी रयतेने. त्यांनी तो दिला तर न्यायाधीशाचा शब्द फौजेहून भारी ठरतो; न दिला तर तो कागदावरच राहतो. १७७३ च्या त्या दिवशी रामशास्त्र्यांनी आजच्या अर्थाने राजीनामा दिला आणि जुन्या अर्थाचा राजीनामा महाराष्ट्राकडे मागितला, असे आम्हांस वाटते.

पुण्यात सवाई माधवरावांच्या नावाने नवा कारभार सुरू झाल्यावर रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले आणि त्यांनी पुन्हा न्यायासन सांभाळले. ज्यांनी त्यांना परत आणले त्यांचे ते मिंधे झाले नाहीत. वृद्धापकाळापर्यंत काम करून २५ ऑक्टोबर १७८९ रोजी त्यांनी देह ठेविला. त्यांच्या पश्चात सहा वर्षांनी, १७९५ साली, सवाई माधवराव शनिवारवाड्यातील माडीवरून पडून अकाली वारले आणि १७९६ साली पेशवेपद मिळाले ते दुसऱ्या बाजीरावांना, म्हणजे रघुनाथरावांच्याच पुत्राला. पित्याचा अपराध पुत्राच्या माथी मारणे न्यायास मान्य नाही, तेव्हा याबद्दल निवाड्याला दोष देता येत नाही. पण रामशास्त्र्यांसारखा तोंडावर सांगणारा पुरुष त्या दरबारात उरला नाही आणि १८१८ साली पेशवाईच संपली.

हा विषय केवळ दोनशे वर्षांपूर्वीचा आहे, असे कोणी समजू नये. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरविली. तेरा दिवसांनी देशात आणीबाणी आली आणि पुढे कायदाच बदलण्यात आला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी, आणीबाणीत स्थानबद्धास सुटकेसाठी न्यायालयात येता येणार नाही, असा निर्णय दिला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले. १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्नांनी पद सोडले. त्यानंतर दोनच महिन्यांनी मतदारांनी ते सरकार घालविले. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरविला. काळ बदलला, वेष बदलला. पण एका न्यायाधीशाने स्पष्ट बोलून निघून जावे आणि मग इतरांनी त्याच्या शब्दाला बळ द्यावे, हा क्रम तोच राहिला.

तेव्हा त्या चौकस मुलाला आपण काय उत्तर द्यावे? आमच्या मते सरळ खरे सांगावे. रघुनाथरावांना शिक्षा झाली नाही. न्यायालय एकटे असेल तर हट्टी सत्ताधीशाला आवरू शकत नाही. परंतु न्यायालय बोललेच नाही, तर त्याला आवरू पाहणाऱ्या इतरांच्या हाती काहीच उरत नाही. त्यांची लढाई मग केवळ सत्तेसाठीची भाऊबंदकी ठरते. निवाडा हा दिवा आहे. चोराला तो धरीत नाही, पण चोर कोण हे दाखवितो. धरावयाचे काम घरातल्या माणसांचे.

आणि हे काम मोठ्या राजकारणातच करावे लागते असे नाही. आपल्या घरात, सोसायटीत, देवस्थानच्या समितीत, फार काय आपल्या या मंडळातही, कधी तरी असा प्रसंग येतो, की पदावरील वजनदार गृहस्थांना हिशेब विचारावा लागतो. पंच निर्णय देतात, तो गृहस्थांना रुचत नाही आणि मग आपण सर्व जण जमिनीकडे पाहू लागतो. त्या वेळी पंचांचा निर्णय टिकणार की नाही, हे पंच ठरवीत नाहीत. जमिनीकडे पाहणारे आपण ठरवितो. आमच्या तरुण वाचकांपैकी कोणी उद्या न्यायासनावर बसेल, कोणी सरकारी कचेरीत अधिकारी होईल. पहिल्याने रामशास्त्र्यांचा एका दिवसाचा शिधा आठवावा. दुसऱ्याने, निवाड्याचा कागद आपल्या मेजावर आल्यावर, त्याखाली सही करण्याचे धैर्य दाखवावे. एवढे झाले तर माहुलीच्या त्या शागिर्दाचे स्मरण आपण खऱ्या अर्थाने केले, असे होईल.